उशाशी सर्व्हिस मॅन्युअल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगून ठेवतो, हे गाडीचं परीक्षण नाही, पुस्तकाचं आहे. पुस्तकाला कथानक नाही, लेखकाचं नाव नाही आणि मुखपृष्ठावर गाडीचं धुरकट चित्र आहे. माझ्या एकसिलिंडर, हवेवर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरवाल्या साध्या मोटरसायकलचं हे सर्व्हिस मॅन्युअल. साडेतीनशेच्या आसपास पानं, स्पायरल बाइंडिंग. मागच्या ब्रेकचे शू बदलायचे होते, तेवढ्यापुरतं घेतलं होतं. शू एका सकाळी बदलून झाले. पुस्तक मात्र गाडीपासून घरात आलं, घरातून पलंगाशेजारी आलं आणि आठ महिने तिथंच मुक्कामाला आहे. पहिल्या आठवड्यात बायकोने विचारलं होतं, "परीक्षा आहे का कसली?" आता विचारत नाही.

गाडीबरोबर फुकट मिळते ती मालकाची पुस्तिका आणि हे मॅन्युअल यांत गल्लत करू नका. त्या पुस्तिकेत आरसा कसा लावायचा हे चित्रासकट असतं, आणि जरा पुढचं काही विचारलं की "अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा." सर्व्हिस मॅन्युअल हे त्या सेवा केंद्रातल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. तुम्हाला पाना धरता येतो हे ते गृहीत धरतं. कुठेही समजूत काढत नाही, कौतुक करत नाही. पहिले दोन आठवडे हा कोरडेपणा मला टोचला. नंतर त्याचीच चटक लागली.

पहिला धक्का दिला तो शेवटच्या पानांवरच्या टॉर्कच्या, म्हणजे कोणता बोल्ट किती पिळाने आवळायचा याच्या, तक्त्याने. प्रत्येक बोल्टसमोर एक आकडा. इंजिन ऑइल काढायच्या बोल्टसमोर २४ न्यूटन-मीटर. मी इतकी वर्षं तो बोल्ट "हाताला कळतं" या मापाने आवळत आलो होतो. टॉर्क रेंच (ठरवलेल्या पिळाला कट्‌ असा आवाज करणारा पाना) आणल्यावर एक प्रयोग केला. ऑइल बदललं, नेहमीच्या पान्याने नेहमीसारखा बोल्ट आवळला, मग रेंच २४ वर ठेवून ओढून पाहिला. कट्‌ असा आवाज आला, बोल्ट हलला नाही. ३० वर ठेवला, पुन्हा कट्‌. ३५ वर पुन्हा. ४० ला बोल्ट किंचित सरकला तेव्हा रेंच खाली ठेवला आणि थोडा वेळ गाडीकडे बघत बसलो. बोल्ट पोलादी, क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं. दोघांच्या भांडणात आटे कोणाचे जाणार, हे सांगायला पुस्तक लागत नाही. माझ्या हाताला काय कळतं ते त्या दिवशी मला कळलं.

पुस्तक फक्त आकडा सांगतं, त्यामागचं कारण मला दुसरीकडे वाचावं लागलं. बोल्ट आवळताना आपण लावतो त्या जोरातला बहुतेक भाग घर्षणात जातो: थोडा डोक्याखाली, थोडा आट्यांमध्ये. बोल्टला ताणून दोन भाग एकमेकांवर दाबून ठेवायच्या कामी येतो तो साधारण १० टक्केच. म्हणून आट्यांना तेल लागलेलं असलं तर तोच २४ चा आकडा बोल्टला जास्त ताणतो. तक्त्याखाली बारीक अक्षरात "आटे कोरडे व स्वच्छ असावेत" असं छापलेलं होतं, ते मी तीनदा नजरेआड केलं होतं. मॅन्युअलमधलं बारीक अक्षर हाच खरा मजकूर असतो, हे आठ महिन्यांनी छातीठोकपणे सांगतो.

याची सगळ्यांत महाग शिकवणी टॅपेटच्या प्रकरणाने घेतली. (महाग म्हणजे अब्रूच्या हिशेबात. नुकसान काही झालं नाही.) टॅपेट सेटिंग म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट ठरलेल्या मापावर आणणं. माझ्या गाडीला इनटेकला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.०८ आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१० मिलिमीटर. इंजिन थंड हवं, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि माप बदलतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळक्या वायूत तापून जास्त फुगतो, म्हणून बहुतेक इंजिनांत त्याची फट थोडी जास्त ठेवतात. इतपत मला माहीत होतं. रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी पेट्रोलची टाकी उतरवली, झाकणं काढली, क्रॅंकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाच्या नटावर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं आणि खिडकीतल्या खुणेसमोर 'टी' अक्षर, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण, आणून उभं केलं. पुस्तक म्हणतं तसंच, अगदी बरोबर.

फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पत्त्यांच्या जुडीतली, ०.०८ ची पत्ती आत जाईना. ०.०५ ची जाईना. इनटेक घट्ट, एक्झॉस्टही घट्ट. मला एकदम भरून आलं. किती दिवस बिचारी असा त्रास सहन करत होती आणि आपल्याला पत्ता नाही! दोन्हीकडचे स्क्रू सैल केले, पत्ती सरकताना तुपातून सुरी गेल्यासारखा हलका अडथळा येईल अशी फट ठेवली, लॉकनट आवळले, झाकणं लावली, टाकी चढवली. किक मारली. चौथ्या-पाचव्या किकला गाडी कशीबशी उठली आणि डोक्यातून असा खडखडाट सुरू झाला की जणू कोणी डब्यात नट-बोल्ट भरून हलवतंय. दोन सेकंदांत बंद केली.

पुस्तक परत उघडलं. त्याच पानावर, चित्राच्या खाली, चौकटीत एक ओळ होती: पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला असल्याची खात्री करा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रॅंक दोनदा फिरतो तेव्हा कॅम, म्हणजे रॉकर हलवणारा दांडा, एकदा फिरतो. म्हणजे 'टी'ची खूण एका चक्रात दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो, म्हणजे दोन्ही जरासे उघडे आणि रॉकर दाबलेले. मी दुसऱ्या वेळेला पकडलं होतं. घट्ट काही नव्हतंच, मी चुकीच्या क्षणी दार ठोठावलं होतं. पुन्हा सगळं उतरवलं, क्रॅंक एक पूर्ण फेरा पुढे नेला, रॉकर बोटाने हलवून पाहिले तर किंचित टिकटिक करत हलले. आता फट मोजली तर माझ्या सकाळच्या उद्योगामुळे ती इतकी मोठी झाली होती की पत्त्यांची अख्खी जुडीच आत गेली असती. मापावर आणली. गाडी पहिल्या किकला उठली आणि आवाज असा, की मी शेजाऱ्याला बोलावून ऐकवला. त्याला काही फरक कळला नाही.

नेहमीच्या मेकॅनिकला हा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "पुस्तकात बरोबरच लिहिलेलं असतं हो. तुमच्या हाताला अजून माहीत नाही एवढंच." मग त्यांनी मला मॅन्युअल न बघता कॉम्प्रेशन कसं ओळखायचं ते दाखवलं: प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि क्रॅंक फिरवायचा. अंगठा ढकलला गेला की समजायचं. पुस्तकात हे नाही. पेन्सिलने मी त्या पानाच्या समासात लिहून ठेवलंय.

तक्रारी आता एकदमच सांगून टाकतो. फोटो काळपट आहेत, ज्या भागाकडे बाण दाखवलाय तो भाग सोडून बाकी सगळं स्पष्ट दिसतं. वायरिंगचा नकाशा मधल्या घडीवर छापलाय, त्यामुळे हॉर्नची वायर घडीत शिरते आणि पलीकडे कोणत्या रंगाने बाहेर पडते याचा पत्ता लागत नाही. शिवाय नकाशा काळा-पांढरा, म्हणजे रंगांची नावं अक्षरांत. शेवटची सूची कामाची नाही. दर तिसऱ्या पानावर एखादं 'विशेष अवजार' मागतात, त्याला लांबलचक क्रमांक असतो आणि ते घरी कोणाकडेच नसतं. आणि ते जगप्रसिद्ध वाक्य: "बसवणे: काढण्याच्या उलट क्रमाने." ज्याने कधी घट्ट स्प्रिंग काढून परत बसवली आहे त्याला या वाक्यातला विनोद समजेल. काढताना ती एका क्षणात उडून पलंगाखाली जाते. उलट क्रमाने ती पलंगाखालून उडून जागेवर बसत नाही.

फोनवर पीडीएफ घेऊनही वापरून पाहिलं. शोधायला बरं, पण ग्रीसच्या बोटांनी पडदा मोठा-लहान करणं म्हणजे शिक्षा. कागदावर डाग पडतो तेव्हा तो खूण म्हणून उपयोगी पडतो. माझी प्रत आपोआप क्लचच्या पानावर उघडते, कारण तिथे अर्धा अंगठा छापलेला आहे.

पण सगळ्यांत मोठी उणीव वेगळी. मॅन्युअल 'का' सांगत नाही. ब्रेक ऑइलबद्दल एवढंच म्हणतं: दर दोन वर्षांनी बदला. मी वर्षानुवर्षं ही सूचना म्हणजे कंपनीचा धंदा समजत होतो. डब्यावरचे आकडे वाचले तेव्हा उलगडा झाला. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक दाबत आलं की डिस्क आणि कॅलिपर तापतात, ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे लिव्हर मुठीपर्यंत येतो आणि ब्रेक लागत नाही. एका ओळीत हे लिहिलं असतं तर पुढचा ब्रेक चार वर्षं तसाच दामटला नसता. (तेच ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो. हे मॅन्युअलमध्ये आहे, ठळक अक्षरात. माणसापेक्षा रंगाची काळजी जास्त.)

चेनचंही तसंच. ढील २५ ते ३५ मिलिमीटर ठेवा आणि सर्वांत घट्ट जागी मोजा, बस. कागद-पेन घेऊन मी स्वतः काढून पाहिलं तेव्हा कळलं की मागचं चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं (चेनच्या दातेरी चाकांमधलं) अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा अंतर सर्वांत जास्त, म्हणजे चेन सर्वांत ताठ. गाडी उभी असताना छान ताठ दिसणारी चेन खड्ड्यात गाडी दबली की गिअरबॉक्सचं बेअरिंग खेचत असते. हे चित्र काढताना रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कादंबरी वाचताना मी इतका जागत नाही.

आता शेजारच्या पुस्तकांबद्दल, कारण आठ महिन्यांत मॅन्युअल एकटं वाचलं असं नाही. मोटरसायकलवाले फावल्या वेळात काय वाचतात, असं विचारलं की लोक हमखास दोन नावं घेतात: प्रवासवर्णनं, आणि रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. १९७४ सालचं हे पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारलं होतं, आणि सुरुवातीलाच लेखक सांगून टाकतो की मोटरसायकलींच्या माहितीसाठीही यावर फार विसंबू नका. पूर्वी मी ते दोनदा अर्ध्यात सोडलं होतं, तत्त्वज्ञान जड झालं की मिटून ठेवायचो. या वेळी एका जागी अडकलो ते वेगळ्या कारणाने. साइड कव्हरचा एक स्क्रू निघत नाही, जोर लावताना त्याची खाच फाटते, आणि एका स्क्रूपायी अख्खी गाडी निरुपयोगी होऊन बसते, यावर तिथे बरंच चिंतन आहे. त्याच आठवड्यात माझ्या क्लच कव्हरच्या एका स्क्रूची खाच गोल झाली होती. गाडी अंगणात, मी हातात पुस्तक घेऊन आत. वाचून स्क्रू निघाला नाही, चिडचिड मात्र थोडी ओसरली. शेवटी स्क्रू निघाला तो इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचे दोन ठोके दिल्यावर.

प्रवासवर्णनांची मात्र मॅन्युअलने जरा वाट लावली. टेड सायमनचं 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' मी आधी डोळे विस्फारून वाचलं होतं. १९७३ मध्ये निघून ५०० सीसीच्या ट्रायम्फवर चार वर्षं जगभर. आता पुन्हा काढलं तर माझं लक्ष माणसांवरून आणि वाळवंटांवरून घसरून भलतीकडेच: याने टॅपेट कधी केले? हवेचा फिल्टर कुठे धुतला? चे गव्हेराच्या दक्षिण अमेरिकेतल्या प्रवासाच्या डायरीचंही तेच झालं. नावात मोटरसायकल आहे, पण ती १९३९ ची नॉर्टन ५०० चिलीतच दम तोडते आणि पुढचा सगळा प्रवास मिळेल त्या वाहनाने. पूर्वी मला तिथून पुस्तक खुलतं असं वाटायचं. आता मी त्या गाडीपाशीच मागे राहतो.

सर्वांत अनपेक्षित वाचन मात्र एका अहवालाचं झालं. हॅरी हर्ट या अमेरिकन संशोधकाच्या नावाने तो ओळखला जातो, १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकलच्या ९०० अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन या पथकाने तपास केला, शिवाय पोलिसांच्या ३,६०० नोंदी तपासल्या. भाषा सरकारी, तक्त्यांमागून तक्ते. पण मॅन्युअलच्या कोरडेपणाला सरावलेल्या माणसाला हे चालतं. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती: मोटरसायकलला आधी जायचा हक्क असताना ते आडवं आलं. चालकांचं नेहमीचं म्हणणं, मोटरसायकल दिसलीच नाही. इथवर वाचून मी बरंच समाधान मानलं. पुढची पानं आपल्याबद्दल होती. संकट दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हातात साधारण दोन सेकंदही नव्हते. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक जाम करून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही. गाडी झटकन बाजूला काढता येणं जवळजवळ कुणालाच जमलं नाही. ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले. माझ्यासारखेच.

म्हणून मग काउंटरस्टिअरिंगवरचं वाचन आलं. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची. चाक क्षणभर डावीकडे वळतं आणि गाडी उजवीकडे कलते. वाचताना हे खोटं वाटतं. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरने सायकलच्या बाबतीत हेच टिपलं होतं, की रोज हे करणाऱ्या माणसांनाही आपण असं करतो याचा पत्ता नसतो. कीथ कोड नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तर एक गाडीच बनवली, जिला सांगाड्यावर पक्कं बसवलेलं दुसरं हँडल आहे. ते धरून नुसतं अंग झुकवून गाडी वळवून दाखवा म्हणे. गाडी जरा डुलते, नीट वळत नाही. माझ्याकडे तशी गाडी नाही, पण मोकळा, सरळ रस्ता होता. सकाळी लवकर जाऊन ताशी चाळीसच्या वेगाने उजवी मूठ तळहाताने हलकेच पुढे दाबली. गाडी उजवीकडे अशी पडली की मीच दचकलो. अठरा वर्षं गाडी चालवतोय.

याच कारणाने हे मॅन्युअल मी हातावेगळं करत नाही. रात्री वाचलेलं सकाळी गाडीवर खरं की खोटं ते कळतं, आणि बहुधा खोटा मी निघतो. एक दुष्परिणामही सांगायला हवा: आता कान शांत राहत नाहीत. सिग्नलला शेजारी कोणाची गाडी उभी राहिली की तिची चेन, तिचे टॅपेट, सगळं ऐकू येतं. एकदा एका अनोळखी मुलाला "चेन सैल आहे रे" असं सांगूनही बसलो. त्याने हेल्मेटच्या आतून माझ्याकडे पाहिलं आणि सिग्नल सुटल्यावर तो जरा जास्तच जोरात निघून गेला.

कोणी घ्यावं? ज्याला सगळं मेकॅनिककडेच करायचंय त्यानेही घ्यायला हरकत नाही, निदान बिलातले शब्द कळतात. ज्याच्याकडे टॉर्क रेंच आणि फिलर गेज नाही त्याने आधी ते घ्यावेत, नाहीतर पुस्तकातले आकडे नुसते डोळ्यांना छळतात. एका कामाचं प्रकरण आधी दोनदा पूर्ण वाचावं, चौकटी तीनदा. तुमच्या नेमक्या मॉडेलचं आणि वर्षाचं आहे ना, ते तपासून घ्या. एका वर्षाच्या फरकाने कार्ब्युरेटर बदललेला असू शकतो. आणि कादंबरीची अपेक्षा ठेवू नका, तरी गॅस्केटच्या प्रकरणात थोडा थरार आहे.

सध्या पुढच्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) प्रकरण चालू आहे. उजव्या फोर्कच्या नळीवर गेल्या रविवारी तेलाची पातळ कडा दिसली, पुसली, बुधवारी पुन्हा होती. तेल अडवणारं सील गेलंय. पुस्तक बारा टप्पे देतं आणि सातव्या टप्प्याला विशेष अवजार मागतं. समासात मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. शनिवारी मेकॅनिककडे जाऊन विचारणार आहे, ते त्या अवजाराऐवजी काय वापरतात.